बरकत हवी तर आधी झोपेचा हिशेब मांडा

पगार वाढतो, घरात एसी येतो, तरी महिनाअखेर ‘पुरत नाही’ ही भावना काही जात नाही. अशा वेळी पैशाच्या आधी थकवा तपासावा. थकलेला माणूस महाग जगतो. उठायला उशीर झाला म्हणून नागपुरात सीताबर्डीपर्यंत ऑटो करतो, स्वयंपाक अंगावर येतो म्हणून बाहेरून मागवतो आणि कुणी चार शब्द गोड बोललं की नको त्या कामाला हो म्हणून बसतो.

एक साधी वही घ्या आणि सात दिवस रोज तीनच नोंदी करा. किती वाजता झोपलो आणि किती वाजता उठलो. ५० रुपयांच्या वरचा प्रत्येक खर्च, आणि त्यापुढे एक अक्षर: गरजेचा असेल तर ग, दिखाव्याचा द, थकव्याचा थ. आणि मनाविरुद्ध कुणाला हो म्हटलं. खर्चाची नोंद जागच्या जागी करायची. रात्री आठवून लिहायला बसलं की सगळंच ‘ग’ वाटायला लागतं. या आठवड्यात कुठलीही सवय बदलू नका, नाहीतर वही तुमची नाही, तुमच्या संकल्पाची होईल. शेवटी ‘थ’ची बेरीज करा. बहुतेकांना हा आकडा बघून धक्का बसतो, कारण तो कुठल्याच बजेटमध्ये लिहिलेला नसतो.

आरशासमोर उभं राहून ‘मी समृद्ध आहे’ म्हणायचा सल्ला सगळीकडे मिळतो. ज्याचा स्वतःवर मुळातच विश्वास नाही, त्याला असली वाक्यं उलटूही शकतात, कारण आतून लगेच ‘खोटं’ असं उत्तर येतं. तो वेळ झोपेला द्या.

थकवा नक्की कशाचा?

दोन-तीन आठवडे पुरेशी झोप घेऊनही अंग जड राहत असेल तर मनाला दोष देण्याआधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. विदर्भात आणखी एक तपासणी हवीच, ती सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराची. आपल्याकडे हा आजार बराच आढळतो, तरीही सांधे दुखणारं, लवकर दमणारं पोर घरात वर्षानुवर्षं ‘आळशी’ म्हणून बोलणी खात राहतं. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची नेमकी तपासणी करून एएस, म्हणजे वाहक, की एसएस, म्हणजे रुग्ण, हे ठरतं. पहिल्याच कागदावर थांबू नका. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, त्यामुळे त्याच्या थकव्याचं कारण दुसरीकडेच शोधावं लागतं. रुग्णाला मात्र पाणी कमी पडणं आणि कडक ऊन दोन्ही बाधतं, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात त्याची दुपारची विश्रांती फार महत्त्वाची. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत याची चौकशी करा.

मोठ्यानं घोरणं आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागणं एकत्र असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे.

पंचेचाळीस अंशांत झोप

प्रौढ माणसाला सात तास तरी लागतात. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात अडतं ते इथंच. कूलर पाण्याची वाफ होऊ देऊन हवा गार करतो. खोली बंद ठेवली की तासाभरात ओल साचते, अंग चिकचिकतं आणि मध्यरात्री जाग येते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर तरी उघडं हवं, म्हणजे आलेली हवा बाहेर जाईल. झोपण्याआधी पंधरा मिनिटं नुसता पंप चालवून ताट्या (कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्या) पूर्ण भिजू द्या, मग पंखा लावा. नाहीतर सुरुवातीला अंगावर गरम झोत येतो. ताटीवर एखादा पट्टा कोरडा दिसला तर वरच्या नळीचं भोक क्षारानं बुजलेलं असतं. दाभणानं मोकळं करा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, सुकवून भरा. डेंगीचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पाऊस सुरू झाला की हवेतच ओल असते, तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सातला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री बारालाही अंगात असतं. शेवटचा कप चारला. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्यानं अंघोळ करा. बर्फासारखं पाणी नको, त्यानं उलट तरतरी येते. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात बसा आणि डोळे जड झाले की परत या. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवा. झोपण्याची वेळ मागेपुढे झाली तर एकवेळ चालेल.

दुपारची झोप घ्यायची ती वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून, तीनच्या आत. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं बराच वेळ भणभणतं. दुपारी पडणं म्हणजे आळस, हा अपराधभाव निदान इथं तरी सोडावा. भर उन्हाळ्यात या शहरात काही चौकांतले सिग्नलसुद्धा दुपारी बंद ठेवतात.

स्वतःचा भाव

आत्मसन्मान मनात शोधण्याआधी दरपत्रकात शोधा. विशेषतः डबे, शिवणकाम, शिकवण्या, मेंदी असं घरून काम करणाऱ्यांनी. दहा डबे, एकाचे ८० रुपये, असं धरू. आले ८००. किराणा-भाजी, गॅस, पोचवणं मिळून डब्यामागे ५५, म्हणजे ५५० गेले आणि उरले २५०. बाजारहाट ते भांडी असे पाच तास मोजले तर तासाला ५० रुपये. हा हिशेब मांडायला बहुतेक जणी घाबरतात.

आता दर ९० करा. डब्यामागे २५ ऐवजी ३५ उरतात, म्हणजे दहा डब्यांचे ३५०. दोन गिऱ्हाइकं तुटली तरी आठ डब्यांचे २८० हातात येतात, आधीपेक्षा तीस जास्त, आणि दोन डब्यांचं काम कमी. तीन तुटली तर २४५. पाच रुपये गेले आणि जवळजवळ दीड तास मिळाला. आपल्या धंद्यात असा किती गिऱ्हाइकांपर्यंतचा तोटा झेपतो, ते कागदावर आधी काढा, म्हणजे निरोप पाठवताना हात थरथरत नाही.

निरोप पंधरा दिवस आधी द्या: ‘नमस्कार, १ तारखेपासून डब्याचा दर ९० रुपये राहील. आपला डबा सुरू ठेवायचा का, ते २५ पर्यंत कळवावं.’ बस. महागाईची कहाणी, ‘माफ करा’, ‘नाइलाज आहे’ हे जोडलं की घासाघीस सुरू होते. जुन्या काकूंना भेटून सांगा, पण दर तोच. एकीला गुपचूप ८५ लावले की आठवडाभरात सगळ्या सोसायटीला कळतं.

नोकरदारांसाठी हेच गणित थोडं वेगळं पडतं: सुट्टीच्या दिवशी घेतलेले ऑफिसचे फोन आणि न मिळालेला मोबदला महिनाभर लिहून ठेवा आणि साहेबांशी बोलताना आकडा घेऊन बसा.

घरात नाही म्हणताना

परक्याला नाही म्हणणं त्यामानानं सोपं असतं. घरात नकाराबरोबर काय होईल, तेही सांगावं लागतं. ‘मी थकले’ एवढंच म्हटलं तर ‘आम्ही काय कमी राबलो?’ हे ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी: ‘आई, आज रात्री खिचडी अन् कढीच करते. सातपर्यंत मी पडून राहणार आहे.’ वेळ आणि जेवण दोन्ही ठरलेलं असलं की वादाला जागा कमी राहते. उसने मागणाऱ्या भावाला ‘बघतो’ म्हणू नका, तो त्याला होकारच समजतो. ‘दादा, या महिन्यात पाचशेच्या वर जमणार नाही’ असं त्याच बैठकीत सांगा. महिन्याला द्यायची रक्कम आधीच वेगळी काढली असेल तर हे खोटंही ठरत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे कुरबूर वाढते. त्याला घाबरून परत जुन्यावर आलात, तर कुरबूर केली की काम होतं, हे घर शिकतं.

आत रुतलेली वाक्यं

‘तुला काय जमणार आहे’, ‘आपल्यासारख्यांनी जास्त मागू नये’. ही वाक्यं बहुधा आपली नसतात, कुणाकडून तरी आलेली असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात तपासून पाहिलेली रीत सोपी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, एकाच दुखऱ्या प्रसंगाबद्दल न थांबता लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. काय घडलं एवढंच नको, तेव्हा काय वाटलं आणि आज काय वाटतं, तेही यायला हवं. लिहून झाल्यावर तासभर मन जड होतं. ते अपेक्षितच आहे, म्हणून रात्री झोपताना लिहू नका, संध्याकाळी लिहा आणि मग फुटाळा तलावावर एक चक्कर मारून या. लिहिताना श्वास अडकायला लागला, प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडतोय असं वाटलं, तर थांबा. घाव ताजा असेल तर ही रीत वापरूच नका. कागदाचं पुढे काय करायचं ती तुमची मर्जी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मारबतीचे पुतळे जाळणाऱ्या नागपूरला ते शिकवायची गरज नाही.

नागपूरजवळ माहुरझरीच्या धम्म नाग केंद्रात विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. फी नसते, शेवटी ऐच्छिक दान. ‘दहा दिवस आराम’ समजून मात्र जाऊ नका. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक आणि मौन. आधी झोप सावरा, मग अर्ज करा. मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर अर्जात लिहा आणि आपल्या डॉक्टरांनाही विचारा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, किंवा जगावंसंच वाटत नसेल, तर वही बाजूला ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. घरच्या कुणाची काळजी वाटत असेल तरी तिथं विचारा. मेडिकलच्या मानसोपचार ओपीडीत जाताना झोपेच्या नोंदी आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. नुसतं ‘ती पांढरी गोळी’ सांगून डॉक्टरांना काही कळत नाही.