परदेशी क्लस्टरशी हातमिळवणी करताय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत छोटी फौंड्री (धातू ओतण्याचा कारखाना) चालवणाऱ्याला एकट्याच्या बळावर जर्मन गिऱ्हाईक मिळवणं परवडत नाही. प्रदर्शनातला स्टॉल, प्रवास, नमुन्यांचं विमानभाडं, चाचण्यांचे दाखले, हे सगळं पहिली ऑर्डर हातात येण्याआधीच खिशातून जातं. म्हणून कारखानदारांची संघटना पुढे होते आणि तिकडच्या क्लस्टरशी, म्हणजे एकाच क्षेत्रातल्या उद्योगांच्या समूहाशी, करार करते. वाट योग्यच आहे. महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांची भागीदारी २०१५ पासूनची, मुंबई आणि स्टुटगार्टचं नातं तर १९६८ पासूनचं. तरीही कितीतरी करार सह्यांच्या फोटोपलीकडे सरकत नाहीत. छोट्या कारखानदाराचा त्यात वेळ जातो, पैसा जातो, आणि पुढच्या वेळी तो येतच नाही. याची बरीचशी कारणं आपल्या बाजूलाच असतात आणि ती दुरुस्त करता येतात.

करार आहे, माणूस नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आपल्याकडे क्लस्टर उभं राहतं ते सामायिक सुविधा केंद्राभोवती: वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्लँट, टेस्टिंग लॅब, टूलरूम. केंद्राच्या सूक्ष्म व लघुउद्योग समूह विकास योजनेतला पैसा मुख्यतः अशाच कामांना मिळतो, आणि त्याचा उपयोगही आहे. जर्मनीतल्या अनेक क्लस्टरकडे मात्र स्वतःचं एकही मशीन नसतं. तिथे मोजकी पगारी माणसं असतात, आणि आपले सभासद काय बनवतात व कोणाला काय हवंय याची जुळणी करणं हेच त्यांचं दिवसभराचं काम असतं.

त्यांचा मॅनेजर मेल पाठवतो. तो आपल्या संघटनेच्या सामायिक पत्त्यावर येऊन पडतो. अध्यक्ष स्वतःच्या कारखान्यात मेल्टिंगच्या गडबडीत, सेक्रेटरी जीएसटीच्या कागदांत. तीन आठवड्यांनी उत्तर जातं, तोवर समोरच्याने दुसरीकडे विचारणा केलेली असते. वर्षा-दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते आणि जुन्या ओळखी जुन्या पदाधिकाऱ्यांच्या फोनमध्येच राहतात.

उपाय एकच: ड्रॉइंग वाचता येणारा एक पगारी इंजिनिअर. त्याचा पगार फायदा घेऊ इच्छिणाऱ्या आठ-दहा युनिटनी वर्गणी काढून द्यावा, अनुदानाची वाट पाहू नये. प्रत्येक विचारणेला दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, मग ते ‘हे आमच्याकडे होणार नाही’ असं का असेना. वेळेत आलेल्या नकारावर तिकडची माणसं खट्टू होत नाहीत, उत्तरच न येण्यावर होतात.

पहिली एन्क्वायरी कोणाच्या टेबलावर?

याबद्दल बैठकीत कोणी बोलत नाही, चहाच्या टपरीवर सगळे बोलतात. क्लस्टरच्या नावाने आलेलं पहिलं चांगलं ड्रॉइंग एखाद्या पदाधिकाऱ्याच्याच कारखान्यात गेलं, की बाकीचे गप्प बसतात आणि हळूहळू वर्गणी थांबवतात. शेजारीच स्पर्धक असताना हा संशय स्वाभाविक आहे. म्हणून वाटपाचा नियम शिष्टमंडळ विमानात बसण्याआधी लेखी ठरवा. आलेली विचारणा क्षमतेत बसणाऱ्या सगळ्या युनिटना एकाच वेळी जाईल, कोटेशन एकमेकांना दिसणार नाही, निवड गिऱ्हाईक करेल. पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) कोणाच्या मालकीचा आणि ड्रॉइंगची गुप्तता कोण सांभाळणार, हेही त्याच कागदावर यावं.

‘आम्ही सगळं बनवतो’

असं म्हणणाऱ्याला तिकडे कोणी काही विचारत नाही. प्रत्येक युनिटचं एक पान तयार करा: मोल्डिंग बॉक्सचा (साच्याच्या पेटीचा) आकार, कास्टिंगचं (ओतीव भागाचं) किमान-कमाल वजन, महिन्याला किती टन मोकळी क्षमता, मशिनिंग घरचं की जॉबवर्कवर. धातूची ग्रेड त्यांच्या मानकात लिहा. आपल्या एफजी २६० या बिडाच्या ग्रेडला त्यांच्याकडे सर्वांत जवळची ग्रेड ईएन-जीजेएल-२५०. पण दोन्ही हुबेहूब एक नाहीत, तेव्हा चाचणीचे आकडे सोबत जोडा. मालाबरोबर ईएन १०२०४ या युरोपीय मानकाचा ३.१ प्रकारचा तपासणी दाखला मागितला जातो. तो देताना तपासणी करणारा माणूस उत्पादन विभागाच्या हाताखालचा चालत नाही. तीन माणसांच्या युनिटला ही अट जड जाते, आणि सामायिक लॅबचा खरा उपयोग इथे होतो.

भाव देताना फक्त कारखान्याच्या दारातला दर कळवणं हीदेखील नेहमीची चूक. समोरच्याला त्याच्या गोदामापर्यंतचा आकडा हवा असतो. तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाज गेलं तर प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबतो, तेवढा काळ पैसा अडकतो आणि कास्टिंगला गंज चढायलाही सवड मिळते. गंजरोधक पिशव्या आणि उष्णताप्रक्रिया केलेले लाकडी पॅलेट यांचा खर्च दरात धरा. दोन-तीन फौंड्रींचा माल एकाच कंटेनरमधून गेला तर भाड्यात फरक पडतो.

कार्बन कराची अफवा

युरोपच्या सीमेवरच्या कार्बन शुल्काची (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरच्या आकारणीची) पक्की अंमलबजावणी १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाली, आणि ‘आता निर्यात संपली’ अशी हाकाटी झाली. आधी आपला एचएस कोड (सीमाशुल्कासाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक) बघा. पाइप फिटिंगचा ७३०७ यादीत आहे. बिडाच्या इतर ओतीव वस्तूंचा ७३२५ मूळ यादीत नव्हता. यादी वाढवण्याचे प्रस्ताव येत असतात, म्हणून कोटेशन देताना दरवेळी तपासा. शिवाय यादीतला असा माल वर्षभरात एकूण ५० टनांपर्यंतच आणणाऱ्या आयातदाराला सूट आहे. तरीही विजेच्या युनिटचा आणि कोळसा-कोकचा हिशेब आत्तापासून ठेवावा. मोठे खरेदीदार तो मागतातच.

करार होऊन सहा महिने झाले आणि एकही ड्रॉइंग आलं नाही, तर

नवं शिष्टमंडळ नेऊ नका. आधी जुना मेलबॉक्स उघडून किती मेल अनुत्तरित आहेत ते मोजा, आणि प्रत्येकाला माफी मागून उत्तर द्या. मग चाळीस सभासदांच्या यादीऐवजी चार युनिट आणि एकच उत्पादनगट निवडा, उदाहरणार्थ पंपांचे बॉडी कास्टिंग, आणि तिकडच्या मॅनेजरला विचारा की त्यांच्या सभासदांपैकी हे कोण विकत घेतं. ऑगस्टमध्ये विचारू नका, तिकडे निम्मी ऑफिसं सुटीवर असतात. आपल्या दिवाळीच्या बंदची तारीखही त्यांना महिनाभर आधी कळवा. व्हिडिओ कॉलवर भट्टी आणि लॅब चालू असताना दाखवा. नमुना मागितला तर तो कोणत्या तारखेला निघेल ते सांगा, आणि उशीर होणार असेल तर तारीख उलटण्याआधी कळवा.