मोटारीचे कर्ज मुदतीआधी फेडताना: शुल्क, एनओसी आणि आरसीवरचा बोजा

मोटारीचे कर्ज मुदतीआधी बंद करण्याचा विचार असेल, तर बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून सर्वप्रथम लेखी फोरक्लोजर स्टेटमेंट, म्हणजे कर्ज बंद करण्यासाठी भरायच्या रकमेचा हिशेब, मागावे आणि शाखेत तोंडी सांगितलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. शिल्लक मुद्दल, त्या तारखेपर्यंतचे व्याज, मुदतपूर्व फेडीचे शुल्क आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी या रकमा त्यात वेगवेगळ्या दाखवलेल्या असाव्यात. जीएसटी शुल्कावर लागतो, शिल्लक मुद्दलावर नाही. हा हिशेब ठरावीक तारखेपर्यंतच ग्राह्य असतो, कारण व्याज रोज वाढत असते.

पुढचा प्रश्न असा की कर्ज लवकर फेडणे खरोखर फायद्याचे आहे का. समजा, 6 लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के स्थिर दराने 5 वर्षांसाठी घेतले आहे. त्याचा हप्ता सुमारे 12,600 रुपये येतो. 36 हप्ते भरल्यावर मुद्दल साधारण 2,74,500 रुपये उरते आणि त्याच वेळी कर्ज बंद केल्यास पुढचे सुमारे 28,000 रुपये व्याज वाचते. करारात 5 टक्के शुल्क असेल, तर जीएसटीसह सुमारे 16,200 रुपये जातात, म्हणजे हाती जेमतेम 11,800 रुपयांची बचत राहते. हेच कर्ज 48 हप्त्यांनंतर बंद केले तर व्याज वाचते अंदाजे 7,500 रुपये आणि शुल्क मात्र जीएसटीसह 8,500 रुपयांच्या घरात जाते. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला व्याजाचा भाग मोठा असतो आणि शेवटी तो अगदी लहान होतो, म्हणून असे घडते. गाडी विकायची नसेल, तर शेवटच्या वर्षात शुल्क भरून कर्ज बंद करण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शुल्क आकारण्याचा बँकेचा अधिकार अमर्याद नाही. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेले कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराचे असेल, तर मुदतपूर्व फेडीवर शुल्क लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे 2025 चे निर्देश 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू आहेत आणि त्यानुसार अशा कर्जासाठी किमान मुदतीची अट घालता येत नाही, शिवाय फेडीचा पैसा कुठून आणला याने फरक पडत नाही. मोटारीची बहुतेक कर्जे मात्र स्थिर दराची असतात आणि त्यांना कराराप्रमाणे शुल्क लागते. तरीही मंजुरीपत्रात, करारात आणि 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या कर्जांसाठी सक्तीच्या केलेल्या मुख्य तथ्य पत्रकात (कर्जाचे दर, शुल्क व अटी थोडक्यात सांगणाऱ्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये) जे शुल्क नमूदच नाही, ते ऐन वेळी पुढे केल्यास लेखी हरकत घ्यावी.

रक्कम भरल्यावर पावती, शून्य बाकीचे पत्र, बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म 35 (कर्जाचा करार संपल्याची आरटीओसाठीची सूचना) आणि एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, घ्यावे, तसेच खात्यावरचा हप्ता-वसुलीचा मँडेट (आपोआप हप्ता कापण्याची परवानगी) लेखी रद्द करून घ्यावा. अन्यथा पुढचा हप्ता कापला जाऊन तो परत मिळवण्यात वेळ जातो. वैयक्तिक कर्जाची (यात मोटारीचे कर्जही येते) पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद परत करणे आणि नोंदणीतील बोजा, म्हणजे कर्जदात्याच्या हक्काची नोंद, काढणे हे 30 दिवसांत व्हायला हवे, असे रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकात सांगितले आहे. विलंब बँकेच्या चुकीमुळे झाला, तर दररोज 5,000 रुपये भरपाई देय होते.

कर्ज फेडले म्हणून आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजा आपोआप उतरला, असे गृहीत धरू नये. आपल्या आरटीओकडे, उदाहरणार्थ एमएच-04 साठी ठाणे आणि एमएच-43 साठी नवी मुंबई कार्यालयाकडे, परिवहन पोर्टलवरून बोजा उतरवण्याचा अर्ज करावा आणि फॉर्म 35, एनओसी, आरसी, विमा व पीयूसी ही कागदपत्रे हाताशी ठेवावीत. एनओसीवर मुदत छापलेली असेल तर ती पाहावी. बोजा निघाल्यावर आरसी उघडून कर्जदात्याचे नाव खरोखर गेले आहे का ते डोळ्यांनी तपासावे. गाडी विकताना खरेदीदार हीच ओळ पाहतो. त्याचबरोबर विमा कंपनीला कळवून पॉलिसीतूनही बँकेचे नाव काढून घ्यावे, नाहीतर गाडी चोरीला गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास दावा अडकू शकतो.

क्रेडिट अहवालात खाते बंद दिसत नसेल तर बँकेकडे आणि तो अहवाल देणाऱ्या क्रेडिट माहिती संस्थेकडे तक्रार नोंदवावी. ती 30 दिवसांत निकाली न निघाल्यास रोज 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. बँकेकडे केलेल्या इतर लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही जाता येते, त्यामुळे कर्ज मुंबईच्या शाखेतून घेतलेले असले तरी ठाण्यातल्या ग्राहकाला ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा असतो. मात्र ही तक्रार कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत दाखल करावी लागते.