विद्यापीठाच्या फाउंडेशनला देणगी देताय? या चुका टाळा

आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली तेव्हा माटुंग्याच्या एका हॉलमध्ये सगळे जमलो. इडली-कॉफी झाली, जुने फोटो फिरले आणि मग कुणीतरी म्हणालं, "विद्यापीठासाठी काहीतरी करू या रे." तासाभरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार, ग्रुपवर जीपेचा नंबर. नंबर एका मित्राचा, कारण तो हिशेबाला पक्का. त्याच्या खात्यात घे, हा सल्ला माझा. दोन महिन्यांत सव्वाचार लाख जमले, मित्राने ते एकरकमी विद्यापीठासाठी देणग्या घेणाऱ्या फाउंडेशनला पाठवले आणि पावती आली ती त्याच्या एकट्याच्या नावाने, त्याच्या एकट्याच्या पॅनवर. एकतीस जण विचारायला लागले, "माझी पावती कुठाय?" फाउंडेशनच्या ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की पैसे ज्याच्या खात्यातून आले, पावती त्याचीच. त्यांचं बरोबर होतं. मित्र पुढचे सहा महिने ग्रुपवर गप्प.

तेव्हा पहिली चूक हीच: वर्गणी एकाच्या खात्यात गोळा करू नका. गणपतीची वर्गणी वेगळी, देणगी वेगळी. प्रत्येकाने थेट फाउंडेशनच्या खात्यात भरावं आणि शेऱ्यात बॅचचं वर्ष टाकावं. फाउंडेशनला आधी कळवलं तर ते बॅचवार बेरीज काढून देतात, फलकावर नाव बॅचचंच लागतं आणि पावत्या ज्याच्या त्याला मिळतात. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे टाकलेत तर त्याच दिवशी नाव, पत्ता, पॅन आणि यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेतला क्रमांक) ईमेलने कळवा. नाहीतर त्यांच्या बँक स्टेटमेंटवर तुम्ही म्हणजे नुसते बारा आकडे.

पैसे नक्की कुणाला?

विद्यापीठ, विद्यापीठाचं फाउंडेशन आणि कॉलेज चालवणारी संस्था ही कायद्याने तीन वेगळी माणसं. मुंबई विद्यापीठ हे राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखालचं. फाउंडेशन म्हणजे बहुधा न्यास (ट्रस्ट) नाहीतर कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, तिचा पॅन वेगळा, खातं वेगळं. आणि कॉलेजचं म्हणाल तर रुईया किंवा पोदारची पाटी माटुंग्यात असली तरी ती चालवते शिक्षण प्रसारक मंडळी. दादरचं कीर्ती कॉलेज डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं. दोन्ही संस्था मूळच्या पुण्याच्या.

चेकवर किंवा मृत्युपत्रात नुसतं "माझं कॉलेज" लिहून भागत नाही. मृत्युपत्रात तर मुळीच नाही, कारण तिथे विचारायला तुम्ही नसता. संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक आणि पॅन लिहा. न्यास असेल तर त्याची नोंद वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सापडते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर ८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलत देणाऱ्या कलमाची, मान्यता आणि तिची मुदत दोन्ही तपासता येतात. मुदत महत्त्वाची आहे. २०२१पासून ही मान्यता कायमची राहिलेली नाही, ती पाच वर्षांची असते आणि नव्या संस्थेला त्याआधी तात्पुरती मिळते. पत्रकावर छापलेला जुना क्रमांक बघून पैसे पाठवणारे बरेच आहेत.

एक गंमत सांगतो. मुंबईत "डोनेशन" म्हटलं की माणसाला आधी अ‍ॅडमिशन आठवते. "किती डोनेशन भरलंत?" हा प्रश्न आपण चहा पिता पिता विचारतो. प्रवेशाच्या बदल्यात घेतलेले पैसे म्हणजे कॅपिटेशन फी, आणि महाराष्ट्रात त्यावर १९८७च्या कायद्याने बंदी आहे. भाची यंदा बारावीला आहे म्हणून फाउंडेशनला चेक द्यायचा विचार असेल तर देऊ नका. तिचा प्रवेश पक्का होऊ दे, वर्षभराने द्या.

करसवलतीचा गैरसमज

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. पन्नास हजार दिले म्हणजे पन्नास हजार कर वाचला, असं समजणारे शिकलेले लोक मला भेटलेत. बहुतेक फाउंडेशनना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते. म्हणजे पन्नास हजारांवर पंचवीस हजारांची वजावट. तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साडेसात हजार आणि थोडा उपकर, एवढाच कर वाचतो. शिवाय अशा देणग्यांना तुमच्या ढोबळ उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. मोजक्या अधिसूचित संस्थांना पूर्ण १०० टक्के वजावट मिळते, पण आपली संस्था त्यात आहे की नाही हे देण्याआधी विचारा.

दुसरं, नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०जीची वजावटच नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून नवी प्रणाली आपोआप लागते, जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. "पावती आहे पण सवलत मिळत नाही" अशा तक्रारींत मी बघितलेल्या निम्म्या तरी इथेच संपल्या. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. पण लोकांच्या तोंडी अजून "८०जी"च आहे, म्हणून मीही तेच लिहितोय.

तिसरं, २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर वजावट शून्य. पुस्तकं, कॉम्प्युटर, खुर्च्या दिल्या तरी शून्य, वस्तू चालत नाहीत. वडिलांची पुस्तकं लायब्ररीला द्यायची असतील तर आधी यादी पाठवा. तुमच्या भावना दुखावतील या भीतीने ग्रंथपाल नकार देत नाहीत. वाळवी लागलेले दिवाळी अंक मागच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहतात.

आता नुसती पावती पुरत नाही, हे अजून बऱ्याच जणांना ठाऊक नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२पासून संस्थेला देणगीदारांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याकडे भरावं लागतं, मुदत ३१ मे. त्यातून तुमच्या नावाचं १०बीई प्रमाणपत्र तयार होतं आणि वजावट त्याच्या क्रमांकावर मिळते. जूनचा पहिला आठवडा उलटला आणि प्रमाणपत्र आलं नाही तर पावतीचा नंबर आणि यूटीआर घालून फाउंडेशनला ईमेल करा. फोन करू नका, फोनची नोंद राहत नाही. प्रमाणपत्रात पॅनचं एक अक्षर चुकलं असेल तर तुम्हाला काहीच दुरुस्त करता येत नाही. विवरण त्यांनीच सुधारून भरायचं आणि नवं प्रमाणपत्र द्यायचं. तुमचं रिटर्न आधीच भरून झालं असेल तर मुदतीत असताना सुधारित भरा. सीएला हे जुलैच्या ३० तारखेला सांगायला जाऊ नका.

न्यू जर्सीचा भाचा, दुबईचा पुतण्या

दोघांनाही मुंबईतल्या विद्यापीठासाठी द्यायचंय, पण दोघांचे नियम वेगळे. दुबईच्या पुतण्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय निधी ठरत नाही. फाउंडेशन पासपोर्टची प्रत मागेल, द्यावी. न्यू जर्सीचा भाचा अमेरिकन नागरिक झाला आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते. कायद्याच्या नजरेत तो परदेशी. त्याचे पैसे घ्यायला फाउंडेशनची एफसीआरए, म्हणजे परकीय निधीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या नेमलेल्या खात्यातच यायला हवेत.

मग भाचा म्हणतो, "मामा, तुझ्या खात्यात टाकतो, तू पुढे दे." नका करू. मधल्या माणसाच्या हातून आले तरी ते परकीय निधीच धरले जातात, आणि अडकतं फाउंडेशन. २०२०च्या दुरुस्तीनंतर परकीय निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवायलाही बंदी आहे, तेव्हा नोंदणी असलेल्या ओळखीच्या संस्थेत टाकून पुढे पाठवू ही शक्कलही चालत नाही. भाच्याला तिकडच्या करात सूट हवी असेल तर ती मुंबईच्या पावतीवर मिळत नाही. म्हणून मोठ्या संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांनी तिकडेच नोंदणी केलेल्या संस्था काढल्या, उदाहरणार्थ आयआयटी बॉम्बेसाठी अमेरिकेतलं हेरिटेज फाउंडेशन.

गुप्तदानाचंही असंच. देवळाच्या पेटीत ते शोभतं. फाउंडेशनच्या वहीत मात्र निनावी रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली की त्यावर ३० टक्के कर लागू शकतो. नाव जाहीर नको असेल तर नोंदीसाठी द्या आणि फलकावर लावू नका म्हणून लेखी कळवा.

बाबांच्या नावाचं पदक आणि बंद पडलेला कूलर

पैसे कशासाठी द्यायचे, हा खरा अवघड प्रश्न. आपल्याला दिसणारी वस्तू हवी असते. म्हणून एकेका कॉरिडॉरमध्ये "यांच्या स्मरणार्थ" लिहिलेले तीन-तीन वॉटर कूलर दिसतात, त्यातले दोन बंद. कूलर देणारे मिळतात, त्याचा फिल्टर बदलणारा मिळत नाही. मनोरे तरी कुठे सुटलेत यातून? प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्यासाठी २ लाख दिले, आईचं नाव राहावं म्हणून. राजाबाई टॉवर १८७८ला पुरा झाला. पण त्याचा जीर्णोद्धार करायला एकविसाव्या शतकात टीसीएसचे पैसे लागले. मला वाटतं, देणाऱ्याने रकमेतला काही भाग तरी देखभालीला म्हणून द्यावा. कुणी टाळ्या वाजवत नाही, तरी द्यावा.

पदकाचं गणित आधी कागदावर करा. एक लाखाची ठेव, साडेसहा टक्के व्याज, वर्षाला साडेसहा हजार. पन्नास वर्षांपूर्वी याच व्याजात खरं सोनं येत असे, आज मुलामा येतो. ठेव कायम राहावी आणि फक्त व्याज वापरावं असं वाटत असेल तर "ही रक्कम कॉर्पस फंडासाठी" हे देताना लेखी द्या. नंतर आठवलं तर उशीर झालेला असतो, रक्कम चालू खर्चात धरली जाते.

आणि अटी थोड्या सैल ठेवा. "शॉर्टहँडमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीस" असं बक्षीस लिहिलं आणि तो कोर्सच बंद झाला तर व्याज साठत राहतं आणि कुणालाच मिळत नाही. "हा विषय न राहिल्यास जवळच्या विषयासाठी वापरावे" एवढं एक वाक्य पुरतं. अमक्याच ज्ञातीच्या मुलांना द्या, असली अट फाउंडेशनं नाकारतात. ती दुराग्रहाने नाकारत नाहीत, एका ज्ञातीपुरत्या संस्थेला ८०जीची मान्यताच मिळत नाही.

विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२०मध्ये १५ लाख दिले आणि आईचं नाव विद्यापीठालाच लागलं, म्हणून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एसएनडीटी. नाव हवं असणं वाईट नाही. त्यांनी दिलं ते एक भिंत बांधायला नव्हे, विद्यापीठ चालायला.

आमच्या बॅचने यंदा पुन्हा गोळा करायचं ठरवलंय, या वेळी प्रत्येकाने आपापल्या खात्यातून. रक्कम जाणार आहे हॉस्टेलच्या मुलींच्या मेसच्या बिलात. फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नाही, म्हणून दोघे जण अजून बाकांवर नाव घालायचा हट्ट धरून बसलेत. मित्र ग्रुपवर परत आलाय. जीपेचा नंबर मात्र देत नाही.