रशचा फॉर्म भरायच्या आधी अनवेटेड जीपीए काढा

ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॉलेज सुरू होतंय आणि सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या क्लबात, जायचं आणि त्यासाठी रश, म्हणजे त्यांची भरती, करायचा डोक्यात आहे ना, मग ड्रेस, सँडल, इन्स्टा साफ करणं वगैरे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना आपोआप सुचतं. हायस्कूलच्या काउन्सेलरला आजच मेल टाका आणि अनवेटेड जीपीए (अवघड विषयांचे जादा पॉइंट न धरता काढलेली मार्कांची सरासरी) मागा. वेटेड नाही. मी पोर्टलवर दिसला तो आकडा फॉर्ममध्ये टाकून मोकळी झाले, तो वेटेड निघाला, आणि पहिल्या राउंडनंतर मला परत बोलावणाऱ्या सोरॉरिटींची यादी बघवत नव्हती.

एपीच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतात त्या कॉलेजच्या पातळीच्या, विषयाला बऱ्याच शाळा एक पॉइंट जास्त देतात, म्हणजे बी आला तरी वेटेडमध्ये ४ धरतात आणि अनवेटेडमध्ये तोच बी ३. आपल्या घरांत पोरींना एपीवर एपी घ्यायला लावतात, मग ४.२ बघून आई महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगून येते, आणि अनवेटेड किती ते घरात कोणालाच माहीत नसतं. काढा. ट्रान्सक्रिप्टवर छापलेला नसेल तर ए ला ४, बी ला ३, सी ला २ धरून स्वतः सरासरी काढा, पण काढा.

मग सोरॉरिटीची जीपीएची अट बघा. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरॉरिटींच्या संघटनेत २६ सोरॉरिटी आहेत, तुमच्या कॅम्पसवर त्यातल्या काहीच असतील आणि प्रत्येकीची अट वेगळी, शिवाय एकाच सोरॉरिटीचीसुद्धा कॅम्पसनुसार बदलते. किमान ३.० लिहिलंय म्हणून ३.० वर घेतीलच असं समजू नका, अलाबामासारख्या गर्दीच्या ठिकाणी तर नाहीच. बऱ्याच युनिव्हर्सिट्या दर सेमिस्टरला चॅप्टरची (सोरॉरिटीच्या त्या कॅम्पसवरच्या शाखेची) सरासरी कॅम्पसवरच्या सगळ्या मुलींच्या सरासरीशेजारी छापतात, त्यामुळे कमी मार्कांची मुलगी त्यांना परवडत नाही, तुमच्याशी गप्पा मारणारी कितीही गोड हसली तरी. आणि हो, त्यांच्या अटीशी ताडून बघायचा तो अनवेटेड. परत सांगतेय कारण परत विसराल.

ड्युअल क्रेडिट (हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स) केलं असेल तर कम्युनिटी कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट वेगळा मागवा, पुरेसे क्रेडिट असले तर काही ठिकाणी तोच कॉलेजचा जीपीए म्हणून धरतात. काही कॉलेजांत फ्रेशमनचा रश जानेवारीत असतो, तिथे फॉलचे मार्क बघतात, म्हणून पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस एकत्र घेऊन शहाणपणा करू नका.

आकडा कमीच निघाला तर? फॉर्म भरा, पण एकाच हाऊसवर, म्हणजे सोरॉरिटीवर, जीव टाकू नका. रशनंतर जागा उरल्या तर ओपन बिडिंग असतं, म्हणजे रशबाहेरही बिड (सदस्यत्वाचं आमंत्रण) देतात, आणि ते पुढच्या सेमिस्टरला झालं तर तोवर कॉलेजचे मार्क हातात असतात. देसी सोरॉरिटीही आहेत, कॅपा फाय गॅमा १९९८ मध्ये ऑस्टिनला सुरू झाली, त्यांची भरती या मोठ्या रशपासून वेगळी असते, मार्कांची अट त्यांनाच विचारा.

राउंड्सबद्दल काय सांगू, पाणी प्या, सँडल चावेल तिथे पायाला बँडेड लावा, शेवटच्या प्रेफरन्स राउंडला रडू येतं. बिड मिळाल्यावरही मार्क पडले तर इनिशिएशन (पक्कं सदस्य होणं) लांबतं, नंतर पडले तर प्रोबेशन. फीचं घरी आधीच बोलून ठेवा.