‘ओनामा’चं मूळ कसं शोधायचं

‘कामाचा ओनामा झाला’ असं आपण म्हणतो. या शब्दाचं मूळ शोधताना गिरगावातल्या माझ्या शिकवणीत मी मुलांना आधी तो मोठ्याने, सावकाश म्हणायला लावते: ओ-ना-मा. मग त्याचं जुनं, लांब रूप घ्यायचं, ‘ओनामासीधं’. आता ते सुटं करा: ॐ नमः सिद्धम्. पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरं गिरवताना सुरुवात याने व्हायची. पोरांच्या तोंडी विसर्ग विरला, ‘नमः’चा ‘नामा’ झाला आणि पुढे कुठल्याही आरंभाला ओनामा म्हणू लागले. मला हा प्रवास फार लोभस वाटतो.

मग कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश इथे मुंबईतच १८३१ साली छापला गेला. १८५७ची सुधारित आवृत्ती इंटरनेटवर फुकट पाहता येते. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णींचा कोश हाताशी हवाच.

नुसत्या उच्चारसाम्यावर मात्र विसंबू नका, शब्दाचं क्रियापदही बघा. मुहूर्तमेढ आपण ‘रोवतो’, कारण मेढ म्हणजे लाकडी खांब; लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब मुहूर्त पाहून रोवतात.