पाहुणा नुसता विचार करत होता, म्हणे!

व्यावसायिक महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते, आणि त्यातूनच परदेशी माणसांशी कसं बोलावं-वागावं हेही. समोर हॉटेलच्या फ्रंट ऑफिसची, नर्सिंगची, टर्नर-फिटरची मुलंमुली असतात. पहिल्या वर्षी मी हौसेनं भिंतीवर तक्ता लावला होता: अमुक देशाचे लोक वक्तशीर, तमुक देशाचे मितभाषी. मुलांनी तो पाठ करून परीक्षेत उतरवला. मग त्यातला एक हॉटेलात प्रशिक्षणाला गेला. पाहुणा त्याला म्हणाला, ‘आय वॉज वंडरिंग इफ समवन कुड लुक ॲट द शॉवर.’ हा ‘येस सर’ म्हणाला आणि काउंटरवरच उभा राहिला. पाहुणा नुसता विचार करत होता, म्हणे! संध्याकाळी तक्रार आली. वाक्यातला एकूण एक शब्द त्याला येत होता, पण ही शॉवर बघायला कुणाला तरी पाठवा अशी सभ्य विनंती आहे, हे कळलं नव्हतं. तक्ता मी त्याच आठवड्यात उतरवला.

भाषाअभ्यासक जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये हेच नेमकं मांडलं होतं. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याची भाषा कच्ची आहे. बोलण्याची रीत चुकली तर म्हणतो, माणूसच उद्धट आहे. आमच्या मुलांचं नुकसान दुसऱ्या प्रकारानं जास्त होतं.

म्हणून देशांऐवजी वाक्यांपासून सुरुवात करा, तीही मराठी वाक्यांपासून. ‘पासपोर्ट द्या’ यातला आदर ‘द्या’च्या रूपातच आहे. त्याचं ‘गिव्ह मी पासपोर्ट’ केलं की आदर गळतो आणि हुकूम उरतो. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘आदर गेला कुठे?’ मग प्रत्येकाला आपल्या कामातली दहा वाक्यं आणायला सांगा. नर्सिंगच्या मुली ‘हात वर करा’ आणतील, टर्नरवाले ‘मशीन बंद करा’. इथे एक गंमत दिसेल. मशीन बंद करायला सांगताना हुकूमच हवा. ‘वुड यू माइंड’ म्हणेपर्यंत बोट जायचं. शेवटी प्लीज चिकटवलं की झालं, ही समजूत याच तासाला मोडते.

दुसरं काम वहीचं. पानावर तीन रकाने: काय दिसलं, मला काय वाटलं, मी काय ठरवलं. हा सराव माझा नव्हे, या क्षेत्रात जुनाच आहे, पण वर्षभर टिकवावा असा दुसरा मला मिळालेला नाही. एका मुलानं पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘परदेशी ट्रेनर माझ्यावर रागावले.’ मी विचारलं, राग दिसतो कसा? खोडून त्यानं लिहिलं, ‘मी मशीनवर केलेला जॉब (धातूचा भाग) हातात घेतला, मोजला, काही न बोलता परत ठेवला.’ राग दुसऱ्या रकान्यात गेला. मग त्याच घटनेचे आणखी दोन अर्थ लिहायला लावले: जॉब मापात होता म्हणून बोलायची गरज वाटली नसेल, किंवा भाषेची अडचण त्यांनाही असेल. तिसरा रकाना अर्थ ठरेपर्यंत कोराच ठेवायचा. मुलांना सगळ्यात जड जातं ते हेच.

गप्प बसण्याचाही सराव घ्या. २००९ मध्ये दहा भाषांमधली बोलणी तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं. जपानीत जवळजवळ शून्य, डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास. फरक एवढासा, तरी कानाला तो तुटकपणा किंवा घाई वाटतो. जोड्या करा. एकानं प्रश्न विचारायचा, दुसऱ्यानं मनात तीन आकडे मोजून उत्तर द्यायचं. विचारणारा कासावीस होऊन मध्येच बोलतो. का बोललास, हे वहीत.

भूमिका करताना तिघांना उभं करा: ग्राहक, तंत्रज्ञ आणि मधला. मधल्यानं एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळेल असं सांगायचं. भाषा शिकवण्या-तपासण्यासाठीच्या युरोपीय चौकटीच्या (सीईएफआर) २०२० च्या पुरवणीत या मध्यस्थीला मोठी जागा आहे. परदेशी माणसाची नक्कल सुरू झाली की मात्र तिथेच थांबवा. हशा चांगला येतो, शिकवणं संपतं. पात्रांना देश देऊच नका, अडचण द्या: दमलेला, घाबरलेला, घाईतला.

गुण कशाला द्यायचे, यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून वाद आहे. मी उलट विचारण्याला देते. ‘सो यू वॉन्ट मी टू सेंड समवन नाऊ?’ एवढं एक वाक्य योग्य वेळी आलं की पैकीच्या पैकी, मग क्रियापदाचा काळ चुकला तरी चालेल. शॉवरवाल्या मुलाला मी तेच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं होतं. पुढच्या खेपेला त्यानं ते एका पाहुण्याला विचारलं. पाहुणा म्हणाला, ‘नो नो, टुमॉरो इज फाइन.’