खोकडासाठी काडतूस: आकडा वाचू नका, भोके मोजा

ब्रिटनमध्ये मेंढ्या विण्याचा हंगाम आला की कोकरांवर टपून बसणारी लाल खोकडे शेतकऱ्यांना मारावी लागतात. (आपल्याकडे कोल्हा म्हणतात तो जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड, म्हणून इथे तोच शब्द.) तिथे परवाना आणि जमीनमालकाची संमती असेल तर हे कायदेशीर आहे. भारतात खोकड आणि कोल्हा दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा हे इथे करायचे नाही.

मोकळ्या रानात रायफलच बरी. शॉटगन कामाची ती कुंपणाकडेला, दाट झुडपात, २०-२५ मीटरवर. तिथे नेम पूर्ण चुकला तर फारसे बिघडत नाही, जनावर पळून जाते. खरा घात होतो दोन-तीन छर्रे पोटात घेऊन बिळात शिरलेल्या खोकडाचा. ते दिवसेंदिवस तडफडते, आणि हे बहुतेक वेळा चुकीच्या काडतुसाने किंवा जास्त अंतराने होते.

१. आधी नळी वाचा

चेंबरची (नळीत काडतूस बसते त्या जागेची) लांबी नळीवर कोरलेली असते: ६५, ७० किंवा ७६ मिमी. ७० च्या चेंबरमध्ये ७६ चे काडतूस सहज बसते, आणि फसगत तिथेच होते. खोक्यावरची लांबी उडालेल्या काडतुसाची असते. न उडालेल्याचे तोंड घडी घालून बंद केलेले, म्हणून ते आखूड. बार उडाला की ती घडी पुढच्या अरुंद भागात उघडते आणि दाब धोकादायक वाढतो. खिशात २० बोअरचे (बोअर म्हणजे नळीचे माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक) एकही काडतूस नको. ते १२ बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते, मागून दुसरे भरले की नळी फुटते. म्हणूनच २० बोअरचा रंग पिवळा ठेवलेला असतो.

२. छर्ऱ्याचा आकार

फेझंट पक्ष्यासाठीचे ५ किंवा ६ नंबरचे छर्रे (२.८ आणि २.६ मिमी) बाद. थंडीतल्या दाट केसांतून आणि कातडीतून पार होऊन हाडापर्यंत जायला त्यांच्यात जोर उरत नाही. उरतात तीन: १ नंबर (३.६ मिमी), बीबी (४.१) आणि ट्रिपल ए (५.२). हे ब्रिटिश आकडे आहेत. इटालियन किंवा इतर युरोपीय खोक्यावर तोच नंबर वेगळ्या जाडीचा निघतो, तेव्हा मिलिमीटर पाहूनच घ्या.

‘मोठा छर्रा म्हणजे चांगला’ या समजुतीने पुष्कळ लोक थेट ट्रिपल ए उचलतात. हिशोब करून पाहा. ३६ ग्रॅम शिशात ट्रिपल ए चे सुमारे ४४ छर्रे बसतात, बीबीचे ८९, १ नंबरचे १२७. हाफ चोकमधून (चोक म्हणजे नळीचे तोंडाशी अरुंद होणे; हाफ मध्यम, फुल सर्वांत घट्ट) ३० यार्डांवर (२७ मीटर) ७६ सेंमीच्या वर्तुळात साधारण ८३ टक्के छर्रे पडतात. आडव्या उभ्या खोकडाचे डोके, मान आणि छाती मिळून मर्माची जागा जेमतेम १५ बाय २० सेंमी, म्हणजे वर्तुळाचा पंधरावा भाग. त्यात सरासरी १ नंबरचे सात, बीबीचे पाच आणि ट्रिपल ए चे दोनच छर्रे येतात. सरासरी दोन म्हणजे कधी चार, कधी शून्य. त्या शून्याची किंमत जनावर मोजते.

आमचा कौल: ३६ ते ४२ ग्रॅम, बीबी. २० मीटरच्या आतच काम असेल तर १ नंबरही चालेल. ट्रिपल ए घ्यायचेच तर ४२ ग्रॅमचे, आणि कागदावर तपासल्याशिवाय नाही. खडकीच्या काडतुसांमुळे आपल्याकडे ओळखीचे असलेले एसजी (मोठ्या गोळ्यांचे काडतूस) इथे अगदीच निरुपयोगी. मोजून दहा-बारा गोळे, त्यातला मर्मावर लागेल तो नशिबाने.

३. कागदावर तपासा

हीच पायरी लोक टाळतात. १.२ मीटर चौरस कागद २७ मीटरवर ताणून लावा. प्रत्येक जातीची पाच काडतुसे, दर वेळी कोरा कागद, नेम मध्यावर. उडवल्यानंतर भोकांच्या सर्वांत दाट भागाभोवती ७६ सेंमीचे वर्तुळ काढा. आता शाळेतली साधी वही घ्या (ती साधारण मर्माच्या जागेएवढीच असते) आणि वर्तुळाच्या मधल्या भागात सरकवत जा. वहीखाली तीनपेक्षा कमी भोके येणारी जागा सापडली तर ते काडतूस त्या नळीत, त्या अंतरावर नको.

चोक घट्ट केला की दाटी वाढेल असे वाटते, पण मोठे छर्रे फुल चोकमध्ये दबून वाकडे होतात आणि झुबक्यांनी उडतात. बीबीला बहुधा हाफ किंवा तीन-चतुर्थांश चोक मानवतो. बंदुका सारख्या दिसल्या तरी प्रत्येकीची आवड वेगळी, म्हणून दुसऱ्याच्या नळीचा निकाल आपल्याला लागू धरू नका.

४. शिसे की स्टील?

स्टील हलके, त्यामुळे त्याचा जोर लवकर ओसरतो. शिवाय १२ बोअरमध्ये ३.२५ मिमीपेक्षा जाड स्टील ‘हाय परफॉर्मन्स’ गटात जाते, म्हणजे नळीवर लिलीच्या फुलाची ठशाची खूण हवी. ४ मिमीच्या वर चोकही हाफपेक्षा घट्ट नको. जुन्या दुनळीत स्टील घालू नका, बिस्मथ (स्टीलपेक्षा जड धातू) घ्या. ब्रिटनमध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला आहे, तेव्हा नवी बंदूक घेताना ही खूण पाहूनच घ्या.

५. रानात

बसायच्या जागेपासून २५ मीटरवर काठी रोवून ठेवा. रात्री दिव्याच्या उजेडात चमकणारे डोळे अंतर हमखास फसवतात. काठीपलीकडे बार नाही. पाठमोऱ्या खोकडावरही नाही. छर्रे मांड्यांत आणि आतड्यात अडकतात. ते आडवे होईपर्यंत थांबा.

दोन्ही नळ्यांत एकाच जातीचे काडतूस भरा. पहिल्या बारानंतर पाय हलताना दिसले तर दुसरा लगेच. मागे मातीचा बांध नसेल तर उडवू नका, कारण बीबी तीनशे मीटरपलीकडेही जातो. पडलेल्या जनावराकडे बंदूक भरून, पाठीकडून जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर ते जिवंत आहे.

मार्च ते मे दरम्यान मादी दिसली आणि तिची आचळे ओलावलेली, आजूबाजूचे केस झडलेले असतील तर तिच्यामागे बिळात पिल्ले आहेत. कोकरांवर थेट हल्ला होत नसेल तर तेव्हा बंदूक खाली ठेवा.